दोन खांबांमधलं अंतर

तुम्ही आमच्या गल्लीत पहिल्यांदा येणार असाल तर एक आधीच सांगून ठेवते. कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापासून पिठाच्या गिरणीपुढच्या खांबाकडं निघालात की उजव्या हाताच्या खिडकीतून ‘टिक’ असा आवाज येईल. दुसरा खांब ओलांडलात की पुन्हा ‘टिक’. घाबरायचं नाही. कुणी फोटो काढलेला नसतो. तुमची चाल मोजलेली असते.

मोजणारे म्हणजे माणिकराव, सगळ्या गल्लीचे काका. एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर होते, जास्त करून लातूर-नांदेड रोडवर. रिटायर झाल्यावर माणसं देवळात जाऊन बसतात, नाही तर नातवंडं खेळवतात. माणिकरावांनी गळ्यात स्टॉपवॉच घातलं. काळ्या दोरीचं, शाळेत पीटीच्या सरांकडं असतं तसलं. अंघोळीला जाताना तेवढं काढतात, आणि गल्लीतल्या हॉस्टेलच्या पोरी म्हणतात की अंघोळीला किती वेळ लागला तेसुद्धा बाहेर आल्यावर बघत असणार.

दोन खांबांमधलं अंतर चोवीस मीटर. शिंप्याची दीड मीटरची टेप रस्त्यावर सोळा वेळा ठेवून त्यांनी ते मोजलं, आणि मग उलट्या बाजूनं परत मोजलं. दोन्हीकडून तेवढंच आलं तेव्हा कुठं जेवायला बसले, असं त्यांच्या शेजारच्या गयाबाई सांगतात. मग दोन्ही खांबांवर चुन्याचा एकेक पट्टा ओढला. लाइनमन आला आणि म्हणाला, सरकारी खांब आहे, पट्टा पुसा. काका त्याला शांतपणे म्हणाले, “शिडी घेऊन एकतीस सेकंद लागले तुला. बिगर शिडीचे किती लागतात रे?” लाइनमननं शिडी भिंतीला टेकवली आणि खरंच एकदा चालून दाखवलं. पट्टे अजून आहेत.

गेल्या वर्षी गल्लीतून एक वरात निघाली होती. बँड, फटाके, नवरदेव घोड्यावर, आणि पुढं नाचणारी मंडळी हलायला तयार नाहीत. दोन खांबांमधून जायला वरातीला वीस मिनिटं लागली. काका ओट्यावरून उतरले, नवरदेवाच्या बापाला बाजूला घेतलं आणि विचारलं की मंगल कार्यालय किती लांब. पावणेदोन किलोमीटर, तो म्हणाला. काकांनी बोटांवर हिसाब केला. “ह्या चालीनं उद्या ह्याच टायमाला पोचता,” म्हणाले. “मुहूर्त कधीचा हाय?” मुहूर्त चाळीस मिनिटांवर होता. तिथून पुढं वरात पळत गेली.

त्यांचा आवडता शब्द ‘दिशा’. नुसती चाल सांगितलेली त्यांना चालत नाही. किती जोरात चाललाय ती चाल, आणि कोणत्या दिशेनं ते सांगितलं की मग तो वेग, हे त्यांच्याकडून गल्लीतल्या शेळ्यांनीसुद्धा ऐकलेलं आहे. पण ते हे माणसांनाही लावतात. गिरणीवाला एकदा कौतुकानं सांगत होता की त्याचा मुलगा लई पुढं निघून गेला. काकांनी मान डोलावली आणि विचारलं, “दिशा?” गिरणीवाला दोन महिने त्यांच्याशी बोलला नाही. त्या दोन महिन्यांत काका रोज मुकाट्यानं त्याचीही चाल लिहीत राहिले.

आता मी कोण ते सांगते. माझं गाव किनवटच्या पलीकडं, जंगलाला लागून. शिकले आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहून, नववीपर्यंत. आई आजारी पडली, घरात भाकरी करायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत घरी आले ती परत गेले नाही. पेटी अजून वसतिगृहातच राहिली असेल. पुढं लग्न झालं, ते टिकलं नाही. भावाच्या घरी वर्षभर राहिले, आणि मग गावातली एक मुलगी लातूरला डॉक्टरकीच्या परीक्षेच्या क्लासला आली होती, तिच्या ओळखीनं मुलींच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटायला लागले. साठ पोरी, दोन वेळा. मला कुणी कामावर ठेवलं याचंच इतकं अप्रूप होतं की पहिला महिनाभर मी रोज सकाळी मालकीणबाईंना, म्हणजे वर्षाताईंना, येऊ का म्हणून विचारून स्वयंपाकघरात जायची. शेवटी त्या म्हणाल्या, अगं तुला किल्ली दिलीय ना.

अशी मी भित्री. तर लातूरला आल्यावर महिन्याभरानं, भाजीची पिशवी घेऊन चालले होते, आणि खिडकीतून एक आवाज आला. “बाई, तुम्ही रोज वीस सेकंदांत जाता. आज बावीस. काय झालं?”

तुम्हीच विचार करा. परकं गाव, एकटी बाई, आणि खिडकीतला एक अनोळखी माणूस पावलं मोजून राहिला आहे. मी सुटले ती थेट मेसमध्ये, आणि दार लावून घेतलं. पुढचे पंधरा दिवस मागच्या बोळातून गेले, गटारावरून उड्या मारत. शेवटी पोरींनी हसून हसून सांगितलं की ते ड्रायव्हरकाका आहेत, सगळ्यांचंच मोजतात, गॅसच्या टाकीवाल्याचं भरल्या टाकीचं वेगळं आणि रिकाम्या टाकीचं वेगळं. मी परत पुढच्या रस्त्यानं जायला लागले. तेव्हा एक बघितलं, काकांची खिडकी आता अर्धीच उघडी असायची. का ते विचारायची हिंमत नव्हती.

बावीस सेकंद का झाले ते मात्र खरं होतं. त्या दिवशी मला ताप होता.

तीन वर्षं बरी गेली. मग वर्षाताईंनी मला बोलावून सांगितलं की दिवाळीनंतर मेस बंद. जेवण बाहेरून डब्यातून येणार, ट्रस्टनं ठरवलं. माझ्या तोंडाकडं बघून त्या लगेच म्हणाल्या की रेक्टरची जागा रिकामी होतेय, राहायला खोली पण आहे, पोरी तुझं ऐकतात, मी तुझंच नाव सांगेन. फक्त दहावी पास पाहिजे. त्याला ट्रस्टवाले ऐकत नाहीत.

दहावीचा फॉर्म मी आधीच भरलेला होता, बाहेरून बसायचा. पोरींनीच भरायला लावला होता आणि त्याच शिकवायच्या, पोळ्या लाटता लाटता. मार्चमध्ये परीक्षा दिली. मे महिन्यात निकाल लागला. सगळे विषय निघाले, इंग्रजीसुद्धा. विज्ञान राहिलं. ज्यांचं असं राहतं त्यांची परीक्षा जुलैत असते. तेवढी एकच संधी उरली. नाही तर दिवाळीला भावाच्या घरी, आणि त्या घरात वहिनी ताट वाढताना भांडं जरा जोरात ठेवायची, एवढंच सांगते.

निकालाच्या दिवशी मी कोपऱ्यावरून निघाले तेव्हा मोजण्याचं वगैरे काही डोक्यात नव्हतं. गिरणीच्या खांबाशी आले तर काका खिडकीत नव्हते, रस्त्यावर उभे होते.

“चौतीस,” म्हणाले. बस, एवढंच. आणि मला रडू आलं.

त्यांनी ओट्यावर बसवलं, तांब्याभर पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, खोलीचं, दिवाळीचं. विज्ञानात काय चुकलं असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बरंच, पण एक गणित तर मला येत होतं. बस ताशी चाळीस किलोमीटर चालीनं दोनशे चाळीस किलोमीटर जाते, किती वेळ लागेल. मी साडेसहा तास लिहिलं.

“सहा येतात,” काका म्हणाले.

मी म्हटलं, सहा येतात ते मला पण ठाऊक आहे. पण आमची किनवटची बस मधे अहमदपूरला अर्धा तास चहाला थांबते ना.

काका माझ्याकडं बघतच राहिले. मला वाटलं हसतील. ते उठून उभे राहिले. चेहरा असा झाला जसं कुणी त्यांच्या गाडीला विनाकारण ओव्हरटेक केलं.

“बरोबर हाय,” म्हणाले. “बिलकुल बरोबर हाय. थांबा धरायलाच पाहिजे. ज्यानं पेपर काढला तो मानूस कधी एसटीत बसलेला न्हाई.” मग तावातावानं त्यांनी ओट्यावरच खडूनं हिसाब मांडला. एकूण अंतर दोनशे चाळीस, एकूण वेळ साडेसहा तास, म्हणून सरासरी चाल ताशी छत्तीस पॉइंट ब्याण्णव. “ही खरी चाल. थांबा, चढउतार, म्हातारीचं गाठोडं टपावर टाकणं, समदं धरून.” थोडा वेळ त्या आकड्याकडं समाधानानं बघत राहिले. मग आवाज खाली आला. “पन मार्क न्हाई मिळणार.”

का, असं मी विचारलं.

“पेपरातल्या गाडीला ड्रायव्हर नसतो, पोरी. तिला चहा लागत न्हाई, तहान लागत न्हाई. ती नुसती जाते. पेपरात कुनालाच थांबवू नको. आज बस थांबवलीस, उद्या उपग्रहाला चहाला उतरवशील.”

मी रडता रडता हसले. दुसऱ्या दिवसापासून आमचा क्लास सुरू झाला.

आता लातुरात क्लासला काही तोटा नाही. कुठल्याही चौकात मान वर केली की चार मुलांचे हसरे फोटो आणि त्यांचे मार्क दिसतात. पण आमच्यासारखा क्लास शहरात दुसरा नसेल. वेळ दुपारी तीनची, भांडी झाल्यावर. जागा ओटा. फी एक कप चहा, साखर कमी. काकांचं स्वतःचं शिक्षण सातवी. ही सगळी विद्या त्यांना नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एका सरांनी दिली होती. ते सर दर सोमवारी त्यांच्या गाडीत ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून जायचे. काका समोर बघून गाडी चालवायचे आणि सर त्यांच्या मानेशी भौतिकशास्त्र सांगायचे. त्यामुळं काकांना आकृती एकही येत नाही. सगळं ऐकीव, पण पक्कं.

चाल आणि वेग मला चटकन कळले. विस्थापनही कळलं. निघालो तिथून पोचलो तिथपर्यंतचं सरळ अंतर, मधे कितीही फिरा. काका म्हणाले, “सकाळी लातूरहून गाडी काढायची, नांदेड करून रात्री लातूरला लावायची. एकतीस वर्षं. किती लाख किलोमीटर झाले असतील कोन जाणे, आन् विस्थापन शून्य.” आम्ही दोघंही हसलो. त्यांचं हसू जरा लवकर थांबलं.

घोडं अडलं त्वरणाशी. वेगातला बदल भागिले वेळ, हे मी पाठ केलं होतं, पण ते काय असतं ते दिसत नव्हतं. अंक घातले की उत्तर येई, आणि उत्तरावर माझा विश्वास बसत नसे. दर सेकंदाला दर सेकंदाला असं दोनदा का म्हणायचं, हे मी चार दिवस विचारत होते. पाचव्या दिवशी काका आत गेले आणि स्टीलचा पेला काठोकाठ भरून घेऊन आले. जुनी मोपेड बाहेर काढली. मला मागं बसवलं आणि पेला हातात दिला.

“सांडू दे,” म्हणाले. “फकस्त कधी सांडतं ते सांग.”

मोपेड निघाली तसं पाणी माझ्या अंगावर आलं. मग सरळ रस्त्यावर काटा अठरावर स्थिर झाला आणि पाणीही स्थिर झालं. “आता सांडून राहिलं का?” “नाही.” “पळून तर राहिलो आपण. चाल हाय ना?” “हाय.” पुढं एका ऑटोवाल्यानं मधेच वळवलं, काकांनी ब्रेक मारला, आणि पाणी पुढं त्यांच्या सदऱ्यावर गेलं. “पानी चालीनं सांडत न्हाई, पोरी. चाल बदलली की सांडतं. तेच त्वरण.” परत दहा सेकंदांत शून्यावरून अठरावर आणून दाखवलं. ताशी अठरा म्हणजे सेकंदाला पाच मीटर. दर सेकंदाला अर्धा अर्धा मीटर वाढत गेली. दर सेकंदाला दर सेकंदाला. मला तो दुसरा ‘सेकंद’ अंगावरच्या ओल्या पदरातून कळला.

मग चौक आला. काटा अठरावरच, जराही हलला नाही, काका डावीकडं वळले, आणि पाणी उजवीकडं सांडलं. मी बोलून गेले, “पण चाल तर बदलली नाही.” काकांनी गाडी बाजूला घेतली, मागं वळून माझ्याकडं बघितलं आणि वाट बघत थांबले.

“दिशा,” मी म्हटलं. “दिशा बदलली. म्हणून वेग बदलला. म्हणून त्वरण.”

त्यांनी काही शाबासकी दिली नाही. फक्त चहाच्या गाडीवाल्याला सांगितलं, दोन फुल, एकात साखर जास्त.

परत आलो तर गल्ली दारात उभी. गयाबाई म्हणाल्या, अगं बाई, कोणाच्या हळदीला गेली होतीस, न्हाऊन आलीस ती. काकांनी त्यांना उत्तर दिलं की ड्रायव्हर शिकताना आम्ही असाच पेला इंजिनावर ठेवायचो, ज्याचं पाणी सांडत नाही तो खरा ड्रायव्हर, आणि आज मी मुद्दाम सांडलंय, हे लिहून ठेवा.

जुलै आला. पेपर अकराला होता. मी दहालाच निघाले. मला येत होतं, पण मार्चमध्येही मला वाटलं होतं की येतंय. पहिला खांब गेला. टिक. पाय जड, जसे कुणाचे तरी दुसऱ्याचे. मी पोचायच्या आत दुसऱ्या खांबाशी मोपेड उभी होती आणि काकांच्या हातात तो पेला, काठोकाठ भरलेला.

“तीस सेकंद,” म्हणाले. “बस मागं. धर.”

मी म्हटलं, काका, आज नको, साडी भिजेल, पेपर आहे. ते म्हणाले, “आज सांडनार न्हाई. तू फकस्त बघ त्याच्याकडं.”

केंद्र तीन किलोमीटरवर. ताशी अठरानं दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत ऑटो आडवे आले, एक म्हैस आली, शाळेची गाडी समोर थांबली. काका प्रत्येक गोष्ट आधीच कळल्यासारखे हळूहळू कमी करत, हळूहळू वाढवत गेले, वळणं एवढी मोठी घेतली की मागचे हॉर्न वाजवायला लागले. मी पाण्याकडं बघत होते. पाणी काठाशी नुसतं थरथरायचं आणि परत शांत व्हायचं. केंद्राच्या फाटकाशी आल्यावर माझ्या लक्षात आलं की दहा मिनिटांत मी पेपरचा विचारच केला नव्हता. एक थेंब सांडला नव्हता.

“पी आता,” काका म्हणाले.

मी ते पाणी प्यायले आणि आत गेले.

पेपरात एक दगड होता. उंचावरून सोडलाय, दोन सेकंदांनी वेग किती. गुरुत्वीय त्वरण दहा धरायला सांगितलं होतं. मी सेकंदाला वीस मीटर लिहिलं, आणि पुढं लिहिलं, खालच्या दिशेने. दिशेला मार्क होता की नव्हता मला माहीत नाही, पण ती लिहिल्याशिवाय हात पुढं सरकेना. आणि एक रेल्वे होती. ताशी साठनं तीनशे किलोमीटर. पाच तास. पेन उचलून मी बराच वेळ थांबले, कारण माझ्या मनात ती गाडी किनवट स्टेशनात उभी होती, आणि आई खिडकीतून डबा देत होती. मग मी गाडी सोडून दिली. पाच तास, एवढंच लिहिलं.

ऑगस्टमध्ये निकाल लागला. वर्षाताईंच्या मोबाईलवर बघितला. पास व्हायला लागतात त्याहून अकरा मार्क जास्त. वर्षाताई काहीतरी म्हणत होत्या, पोरी ओरडत होत्या, आणि मी चप्पल न घालताच बाहेर पडले. दोन खांब कधी गेले कळलं नाही. टिक ऐकू आली तेव्हा मी काकांच्या दारात होते.

“दहा,” काका म्हणाले. घड्याळाकडं परत एकदा बघितलं. “दहा सेकंद. म्हंजे झालीस पास.” माझं सांगायचं राहूनच गेलं.

ते पेढे आणायला कुणाला तरी सांगायला बाहेर गेले. टेबलावर वही उघडी होती. एवढ्या वर्षांत मी ती कधी बघितली नव्हती. माझं पान होतं, ‘किनवटची बाई’ अशा नावानं. वीस, वीस, एकवीस, बावीस. त्यापुढं लिहिलेलं, ताप असावा. मग पंधरा दिवस कोरे, आणि खाली: आपल्याला भ्याली. खिडकी अर्धी लावणे.

मी पानं उलटली. गयाबाई, एक्केचाळीस, त्रेचाळीस, सत्तेचाळीस. गुडघा. तेल नेऊन दिले. गिरणीवाला, अबोला चालू, तरी खोकला ऐकू येतो, दम लागतो, त्याच्या बायकोला सांगणे. पानोपानी असंच. भिंतीवर काकूंचा फोटो होता, हार घातलेला. त्यांचं पान मी शोधत होते, तेवढ्यात काका परत आले. मी विचारलं, काकूंचं कुठं आहे.

ते खुर्चीवर बसले. वही जवळ घेतली, पण उघडली नाही.

“तिचं न्हाई,” म्हणाले. “ती माझ्या मागं चालायची. आमच्यात बाईमानूस मागंच चालतं. गाडीला आरसा असतो, मागं काय चालून राहिलं ते दिसतं. मानसाला कुठंय आरसा? शेवटी शेवटी लई मागं पडायची. मी पुढं कोपऱ्यावर थांबायचो आन् वरडायचो, चल की लवकर.” मग म्हणाले, “दिलाचा आजार निघाला. डॉक्टर म्हनला, चालताना दम लागत असेल, तुमच्या ध्यानात कसं आलं न्हाई.”

पेढे आले. आम्ही खाल्ले. त्यांनी माझ्या पानावर दहा लिहिलं आणि पुढं काय लिहावं म्हणून पेन धरून बसले. शेवटी काहीच लिहिलं नाही.

आता मी रेक्टर आहे. पहिल्या मजल्यावर खोली आहे, माझी, आतून कडी लावता येणारी. तिच्या खिडकीतून दोन्ही खांब दिसतात. सकाळी साडेसहाला मी पोरींची हजेरी घेते आणि त्याच वेळेला काका दूध आणून घरी परततात. मोजायचं असं मी काही ठरवलं नव्हतं. पण डोळ्यांसमोर पट्टे, आणि हातात मोबाईल. चोवीस सेकंद. सेकंदाला बरोबर एक मीटर. ऑगस्ट, सप्टेंबर, रोज चोवीस. क्वचित पंचवीस.

मागच्या आठवड्यात एका सकाळी एकोणतीस झाले. मला वाटलं, माझं बोट चुकलं. दुसऱ्या दिवशी बत्तीस. हजेरीची वही पोरीच्या हातात टाकून मी जिना उतरले. डोक्यात नको नको ते. वेगातला बदल भागिले वेळ, ऋण चिन्ह, दिलाचा आजार. मी त्यांना गिरणीच्या खांबाशी गाठलं.

“काका, बत्तीस.”

“काय बत्तीस?”

“तुमचे. काल एकोणतीस होते. छातीत दुखतंय का? दम लागतोय? दवाखान्यात चला, मी येते संगं.”

काका दुधाची पिशवी धरून उभे. माझ्याकडं बघितलं, वर माझ्या खिडकीकडं बघितलं. मग सावकाश उजवा पाय चपलेतून काढून पुढं केला. अंगठ्याजवळ हळद लावलेली, वर चिंधी.

“नवी चप्पल,” म्हणाले. “चावून राहिली, मुडदी.”

मी गिरणीच्या पायरीवर बसले. हसू येत होतं की रडू, ते मलाच कळेना. गिरणीवाला आतून बघत होता. काका तसेच एका पायावर उभे.

“कधीपासून मोजून राहिलीस?”

“ऑगस्टपासून.”

त्यांनी पाय परत चपलेत घातला. बराच वेळ लागला त्याला. चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि परत घातला, तरी तो पुसायचा राहिल्यासारखा वाटत होता. मग म्हणाले, “मोबाईलवर बरोबर येत न्हाई. बोट उशिरा लागतं.” आणि लंगडत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला जुनी चप्पल घालून आले. पाठ सरळ, पावलं अशी की परेडला निघालेत. पहिला खांब. दुसरा खांब. तेवीस. अंगठा दुखत असणार, पण तेवीस. दुसऱ्या खांबाशी त्यांच्या घराचं वळण आहे. तिथं आल्यावर वर न बघता त्यांनी उजवा हात बाजूला लांब केला, ड्रायव्हर गाडी वळवताना मागच्याला कळावं म्हणून काढतात तसा, आणि तो हात तसाच धरून घराकडं वळले.

मी तेवीस लिहिलं. पुढं दिशाही लिहिली.